डोळ्याच्या मापाचा फर्मा : थ्रीडी प्रिंटिंगने करून घेतलेल्या कृत्रिम पापण्यांचा अनुभव

परभणीतल्या कुठल्याही सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात कृत्रिम पापण्या मागितल्या, तर समोर येणाऱ्या बहुतेक डब्यांवर 'थ्रीडी' नाहीतर 'फाइव्हडी' असे ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि त्यामुळे या पापण्या थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या असतात असा अनेकींचा समज झाला आहे. हा समज चुकीचा आहे. डब्यावरच्या त्या शब्दाचा अर्थ एवढाच की केसांचे झुबके एकाच ओळीत न लावता दोन-तीन थरांत, वेगवेगळ्या दिशांना झुकवून लावले आहेत, म्हणजे पापणी सपाट न दिसता भरीव दिसते. ते काम बहुतेक हातानेच होते. मी इथे लिहिते आहे ते मात्र खरोखरच प्रिंटरवर, थरावर थर रचून पापण्या घडवण्याच्या प्रयत्नाविषयी. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान वर्कशॉपकडून मी हे काम चार महिन्यांत तीन टप्प्यांनी करून घेतले. ते वर्कशॉप एरवी वाहनांच्या सुट्या भागांचे नमुने बनवते. माझे काम त्यांनी केवळ माझ्या आग्रहाखातर, आपल्या नेहमीच्या कामाबाहेर जाऊन केले, त्यामुळे पुढे सांगितलेल्या उणिवांवरून त्यांची पारख होऊ नये म्हणून मी त्यांचे नाव देत नाही.

गेली चौदा वर्षे मी नवरीचा मेकअप करते आहे. एवढ्या वर्षांत तयार पापण्यांची पट्टी कापून, वाकवून, जमेल तशी बसवण्याची हाताला सवय झाली होती आणि त्यात काही कमी आहे असे मला कधी वाटले नव्हते. या वर्षी जिंतूर तालुक्यातल्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात त्यांची केमोथेरपी झाली होती, डोक्याच्या केसांबरोबर पापण्याही गळल्या होत्या, आणि वैशाखात मुलीचे लग्न होते. "ताई, फोटोत मी आजारी दिसले तर पोरगी जन्मभर तो फोटो बघून रडेल," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या डॉक्टरांना विचारून, कोणता चिकटद्रव वापरायचा ते ठरवून मी तयार पट्टी लावून पाहिली, आणि अर्ध्या तासात तिचे आतले टोक सुटून डोळ्याच्या कोपऱ्यात टोचू लागले. कारण साधे आहे, पण ते तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजले. नेहमी पट्टी टेकते ती आपल्याच पापण्यांच्या मुळांवर. त्या केसांचा आधार तिला सावरून धरतो आणि मापातला फरक झाकून टाकतो. केसच नसतील, तर पट्टीचा बाक आणि पापणीच्या कडेचा बाक यांत जो काही फरक असेल तो सगळा उघडा पडतो. मला हवी होती ती त्यांच्या डोळ्याच्या बाकाबरहुकूम असलेली पट्टी, आणि बाजारात ती मिळत नाही.

वर्कशॉपमधल्या मुलांनी पहिल्यांदा सुचवले ते रेझिनचे प्रिंटिंग. या यंत्रात द्रवरूप रेझिनच्या पसरट भांड्याखालून अतिनील प्रकाश पडतो, जिथे प्रकाश लागतो तेवढाच थर घट्ट होतो, मग घट्ट झालेले थर ज्याला चिकटलेले असतात तो पाट किंचित वर उचलला जातो आणि पुढचा थर धरतो. या पद्धतीचे मूळ अमेरिकेतल्या चक हल यांच्या १९८६ च्या पेटंटात आहे. आज तीच कल्पना टेबलावर मावणाऱ्या यंत्रात उतरली आहे. आमच्या यंत्राचा एक ठिपका सुमारे ५० मायक्रॉनचा होता, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. पापणीचा केस साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड असतो. याचा अर्थ असा की अख्खा केस फक्त दोन ठिपक्यांच्या जाडीत बसवायचा, आणि टोकाकडे तो निमुळता करायला हाताशी उरतो तो एकच ठिपका. इतक्या बारीक गोष्टी छापता येतात हे नक्की. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये 'सिलिया' या प्रकल्पात ५० मायक्रॉनपर्यंत बारीक केसांचे दाट पृष्ठभाग छापून दाखवले होते. पण पृष्ठभागावर उभे राहणारे केस वेगळे आणि दिवसभर डोळ्यावर वागवायचे केस वेगळे.

पहिला नमुना हातात आला तेव्हा लांबून तो फार देखणा वाटला. काळाभोर, एकसारखा, प्रत्येक केस बरोबर त्याच्या जागी. मग मी तो भिंगाखाली धरला. प्रत्येक केसावर उसाच्या कांड्यांसारखे पेर दिसत होते, एकेका थराचे एकेक पेर, आणि ज्या केसांना छापताना खालून टेकू द्यावे लागले होते, त्यांच्यावर टेकू तोडल्याच्या बारीक गाठी राहिल्या होत्या. बारीक केस पाट उचलताना भांड्याच्या तळाच्या पडद्याला चिकटून तुटत होते, म्हणून मुलांनी जाडी दुप्पट केली होती. ही दुप्पट ऐकायला किरकोळ वाटते, पण गोल काडीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट झाली की ताठपणा सोळा पट होतो. बोटाने दाबल्यावर ते मला लगेच कळले. केस वाकत नव्हता. तो मुळाशी मोडत होता किंवा सगळी पट्टीच उचलत होता. मी ती स्वतःच्या डोळ्यावर दहा मिनिटे लावली. प्रत्येक मिटण्याबरोबर पापणीवर कंगवा टेकल्यासारखे वाटत होते, आणि दुसऱ्या कुणाच्याही डोळ्याला, विशेषतः उपचारांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या बाईच्या डोळ्याला, ती लावण्याचा विचार मी तिथेच सोडून दिला.

दुसरा प्रयत्न मला आजही आवडतो, जरी तो फसला. साध्या प्रिंटरमध्ये, म्हणजे ज्यात प्लॅस्टिकची तार वितळवून बारीक तोंडातून सोडली जाते त्यात, एका थेंबापासून दुसरीकडे तोंड झटकन सरकवले की मधे एक धागा ओढला जातो. छापणारे लोक एरवी हा दोष मानतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये याच दोषाचा उपयोग करून केस, ब्रशचे दात आणि तंतू छापण्याची पद्धत मांडली. साखरेचा पाक दोन बोटांत धरून तार आली का पाहतो, अगदी तीच ही गोष्ट आहे: बोटे सावकाश दूर नेली तर तार जाड राहते, भराभर नेली तर बारीक होते, आणि शेवटी तुटताना आपोआप निमुळती होते. रेझिनला जे निमुळते टोक जमत नव्हते ते इथे फुकट मिळाले. मुलांनी पीएलए हे नेहमीचे प्लॅस्टिक वापरून केसांची रांग ओढली, मग गरम हवेने तिला वळण दिले, आणि त्या पापण्या खरोखर पापण्यांसारख्या दिसत होत्या. मऊही बऱ्यापैकी होत्या. जाडी मात्र केसागणिक बदलत होती, आणि दहा पट्ट्यांतून दोन जुळणाऱ्या निवडाव्या लागत होत्या.

त्या दोन पट्ट्या घेऊन मी एप्रिलच्या दुपारी गंगाखेडला एका लग्नाला निघाले. डबी गाडीच्या पुढच्या काचेखाली ठेवली होती. पीएलए सुमारे ६० अंशांना नरम पडते, आणि आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीच्या काचेखाली तेवढी उष्णता सहज होते. कार्यालयात डबी उघडली तेव्हा पट्ट्यांचे वळण पूर्ण गेले होते. केस चटईच्या काड्यांसारखे सरळ आडवे पडले होते. चूक ठेवण्यात होती, हे खरे, पण जी वस्तू मराठवाड्यातल्या उन्हाळी लग्नसराईत गाडीतून नेता येत नाही, ती माझ्या पेटीत राहू शकत नाही, हेही तितकेच खरे.

यानंतर मी एक काम केले जे खरे तर आधी करायला हवे होते: तयार पापण्या मुळात बनतात कशा, ते समजून घेतले. बाजारातल्या बहुतेक कृत्रिम पापण्यांचे केस पीबीटी नावाच्या कृत्रिम तंतूचे असतात. ते तंतू गोल सळईवर गुंडाळून तापवतात, म्हणजे वळण कायमचे बसते, आणि मग बारीक सुती दोऱ्यावर हाताने एकेक झुबका गाठवून पट्टी तयार होते. चीनमधल्या शांतुंग प्रांतातले पिंगदू हे शहर या कामाचे जगातले मोठे केंद्र आहे. कॅनडाच्या ॲना टेलर यांनी १९११ मध्ये कृत्रिम पापण्यांचे पेटंट घेतले, तेव्हापासून माल बदलला आणि दोऱ्यासारखी पट्टी सुधारत गेली, पण केस बसवायला आजही बहुतेक ठिकाणी माणसाचेच बोट लागते. म्हणजे केस चांगलाच मिळतो, स्वस्त मिळतो आणि उन्हाला टिकतो. मग आपण नेमका केसच छापण्यासाठी का धडपडत होतो? बाजारात मिळत नव्हता तो बाक. पार्लरमधली माझी मदतनीस हे सगळे बघत होती, ती म्हणाली, "ताई, चपलेचा असतो तसा डोळ्याचा फर्माच करून मागा ना, केस आपण लावू."

तिसऱ्या टप्प्यात आम्ही तेच केले, आणि माझी खरी शिफारस याच टप्प्याची आहे.

माप असे घेतले. डोळा मिटवून पापणीच्या कडेलगत कागदी चिकटपट्टीचा अरुंद तुकडा हलक्या हाताने टेकवला, त्यावर भुवईच्या पेन्सिलीने आतला कोपरा, बाहेरचा कोपरा आणि मधला सर्वांत उंच बिंदू अशा खुणा केल्या, आणि शेजारी स्टीलची पट्टी धरून मोबाइलने समोरून, वरून आणि बाजूने फोटो काढले. शिक्षिकाबाईंच्या उजव्या पापणीची कड ३१ मिलिमीटर भरली आणि डावीची २९. दोन्ही डोळ्यांचा बाकही सारखा नव्हता. डावीचा उंच बिंदू नाकाकडे सरकलेला होता. तयार डब्यात दोन्ही पट्ट्या एकमेकींचे आरशातले प्रतिबिंब असतात, प्रत्यक्ष डोळे तसे नसतात. या मापांवरून मुलांनी संगणकावर पापणीच्या कडेचा ठोकळा, म्हणजेच फर्मा, काढला आणि तो रेझिनच्या यंत्रावर छापला. त्याच्या माथ्यावर डोळ्याचाच बाक, आणि त्या बाकावर एक-एक मिलिमीटरच्या अंतराने कंगव्यासारख्या खाचा. आतल्या कोपऱ्याकडच्या खाचा उभ्या, बाहेरच्या हळूहळू कानाकडे कललेल्या. खाचांत सुती दोरा अंथरायचा, प्रत्येक खाचेत पीबीटीचा झुबका ठेवायचा, चिकटद्रवाचा टिपका द्यायचा आणि वाळू द्यायचे. दोरा त्या बाकातच घट्ट होतो. नंतर पट्टी उचलली की ती टेबलावर ठेवल्यावरही बाक सोडत नाही.

केसांची लांबी मी १० मिलिमीटर ठरवली, आणि त्यामागे एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या आणि त्यांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश असते असे दाखवले. एवढ्या लांबीला डोळ्यावरून जाणारी हवा अडते, डोळा कमी सुकतो आणि धूळ कमी बसते. त्याहून जास्त लांबी झाली की तीच पापणी हवेला उलट डोळ्याकडे वळवते. डोळा ३० मिलिमीटरचा, म्हणून पापणी १० ची. उघड्या मांडवात, वैशाखाच्या फुफाट्यात दिवसभर बसणाऱ्या आईला १६ मिलिमीटरची झालर लावण्यापेक्षा हे मला शहाणपणाचे वाटले, आणि नवरीमुलींनाही मी आता हेच सांगते.

पहिली पट्टी फर्म्यालाच चिकटून बसली आणि सोडवताना तुटली. नंतर फर्म्यावर अन्न झाकायच्या पातळ प्लॅस्टिकचा एक पदर ताणून बसवला, तेव्हा पट्टी अलगद सुटू लागली. दुसरी अडचण गंभीर होती. फर्म्यांचा पहिला संच हाताला किंचित चिकट लागत होता. तो नीट धुतला आणि प्रकाशात धरून पुरेसा घट्ट केला गेला नव्हता. दोन दिवसांत मदतनिसेच्या बोटांची टोके लाल होऊन खाजू लागली. कच्च्या रेझिनमध्ये ॲक्रिलेट असतात. जेल नेलपॉलिशचे काम करणाऱ्यांना ज्यांची ॲलर्जी होते, त्याच जातीचे हे पदार्थ आहेत, आणि एकदा अंगाने ते नाकारले की पुढे थोडेही चालत नाहीत. मी सगळा संच परत पाठवला. वर्कशॉपने तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोनदा धुऊन, अतिनील दिव्याखाली पुरेसा वेळ ठेवून, कोरडा आणि वासरहित करून दिला, पण हे पहिल्याच वेळी व्हायला हवे होते. ज्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला गिअरचा नमुना हवा असतो, त्यांना कातडीची काळजी घेण्याची सवय नसते. ती आपण सांगून, विचारून, लिहून घ्यावी लागते. त्वचेला सतत लागणारी वस्तू छापून घ्यायची असेल, तर शरीराला लागणाऱ्या वस्तू सुरक्षित आहेत का ते तपासण्याच्या आयएसओ १०९९३ या मानकाने तपासलेलेच रेझिन मागावे. आणि याच कारणासाठी मला फर्म्याचा मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण यात छापलेली वस्तू डोळ्याला लागतच नाही. डोळ्याला लागतो तो दोरा, तंतू आणि डॉक्टरांनी होकार दिलेला चिकटद्रव, तोही कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहिल्यानंतर.

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला मी त्या पट्ट्या लावल्या. आतले टोक कोपऱ्यापासून दोन मिलिमीटर अलीकडे थांबवले. चिकटद्रव अगदी थोडा लागला, कारण पट्टी ओढून धरायचीच नव्हती. ती आपल्या जागेवर जाऊन बसली. अक्षता पडल्या, जेवणावळी उठल्या, पाठवणीला बाई मनसोक्त रडल्या, डोळे पदराने पुसले, आणि दुपारी तीनला मी पाहिले तेव्हा दोन्ही टोके जिथल्या तिथे होती. नऊ तास. चौदा वर्षांत मी तयार पट्टीकडून, तेही बिनकेसांच्या पापणीवर, असे काही पाहिलेले नाही.

किमतीचा हिशेब सांगते. आराखडा काढण्याचे त्यांनी १,५०० रुपये घेतले, आणि फर्म्याच्या जोडीचे ४००. तयार पापण्या माझ्याकडे १५० ते ३०० रुपयांच्या येतात, त्या मानाने हे महाग वाटेल. पण आराखड्याचा खर्च एकदाच होतो, पुढच्या डोळ्यासाठी फक्त मापे बदलायची असतात, आणि फर्मा झिजत नाही. शिवाय रेझिनच्या या यंत्राला एक फर्मा छापायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात पाटावर मावतील तेवढे सगळे निघतात, कारण प्रत्येक थर एकाच वेळी उजळतो आणि वेळ ठरतो तो फक्त उंचीवर. १२ मिलिमीटर उंचीचा ठोकळा ०.०५ मिलिमीटरच्या थरांनी छापला, तर २४० थर होतात. थराला दहा सेकंद धरले तर चाळीस मिनिटे, मग फर्मा एक असो वा वीस. म्हणून मी मापे साठवून एकदम मागणी देते. हाताने केस भरायला मात्र एका जोडीला एक तास दहा मिनिटे लागतात, आणि ही मजुरी कुणी विसरू नये; मी मदतनिसेला जोडीमागे वेगळे पैसे देते.

फ्रान्सच्या शनेल कंपनीने २०१८ मध्ये मस्काऱ्याचा थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेला ब्रश मोठ्या प्रमाणावर बाजारात आणला, त्याचे उदाहरण वर्कशॉपमधली मुले मला वारंवार देत असत, आणि ते योग्यच आहे. तो ब्रश नायलॉनच्या भुकटीवर लेझर फिरवून घडवतात, आणि त्याचे दात, पोकळ्या, खडबडीत पृष्ठभाग साच्यात ओतून मिळणे अवघड असते. पण ब्रशचा दात ताठच हवा असतो. खडबडीतपणा तिथे गुण ठरतो, कारण त्याला मस्कारा धरून ठेवायचा असतो. पापणीच्या केसाचे सगळे उलट आहे: तो गुळगुळीत, निमुळता, वाकणारा आणि वजनाने नगण्य हवा. आजच्या घडीला, आपल्याला परवडणाऱ्या यंत्रांवर, हे चारही गुण एकत्र मिळत नाहीत, म्हणून कुणी 'पूर्ण छापलेल्या' पापण्या विकायला आणल्या, तर घेण्याआधी एक केस बोटाने मुळापर्यंत दाबून पाहावा आणि तो परत उठतो का ते बघावे.

ज्यांचे डोळे सर्वसाधारण मापात बसतात आणि ज्यांना वर्षातून दोनदा पापण्या लावायच्या आहेत, त्यांनी या खटपटीत पडू नये. चांगली तयार पट्टी पुरते. ज्यांच्या पापण्या आजाराने, चाईने किंवा भाजल्याने गेल्या आहेत, ज्यांचे दोन डोळे लक्षात येण्याइतके वेगळे आहेत, आणि ज्या कलावंतांना रोज रात्री रंगमंचावर उभे राहायचे आहे, त्यांना मी स्वतःचा फर्मा करून घ्या असे आवर्जून सांगेन. लातूर, नांदेड किंवा बीडच्या पार्लरवाल्यांना वाळूजपर्यंत जाण्याचीही गरज नाही. मापे आणि फोटो पाठवून काम होते, माझी दुसरी आणि तिसरी मागणी तशीच गेली. वेळ मात्र धरून चालावा. मला सांगितले होते आठ दिवस, लागले एकवीस, कारण कारखान्याचे काम आले की माझे काम मागे सरकत होते.

आता माझ्याकडे सात जणींचे फर्मे आहेत, नावाच्या चिठ्ठ्या लावून, उन्हापासून दूर, स्टीलच्या डब्यात. शिक्षिकाबाईंच्या स्वतःच्या पापण्या पुन्हा आल्या आहेत, थोड्या विरळ, पण त्यांच्याच. गेल्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा मी त्यांचा फर्मा त्यांना देऊ केला. तो त्यांनी हातात घेऊन खिडकीच्या उजेडात बराच वेळ पाहिला, खाचांवरून नख फिरवले, आणि परत माझ्या डब्यात ठेवला. धाकटीचे लग्न पुढच्या वर्षी आहे, तेव्हा थोडे केस भरायला लागतील म्हणाल्या.